पुस्तकातला आरएनए आणि ऐनावरचा कोसा

दहावीच्या 'विज्ञान आणि तंत्रज्ञान, भाग २' या बालभारतीच्या पुस्तकात (आवृत्ती २०१८) पहिलाच पाठ आनुवंशिकता व उत्क्रांती यांचा आहे. डीएनएवरील जनुकाच्या क्रमानुसार आरएनए तयार होतो आणि त्या आरएनएमधील संदेशानुसार प्रथिन तयार होते, हे त्यात थोडक्यात आणि सोप्या भाषेत सांगितले आहे. प्रतिलेखन, भाषांतरण, स्थानांतरण हे शब्द मुलांना पाठ होतात आणि परीक्षेत त्यांवर हमखास प्रश्न येतो. या मांडणीत ढोबळ चूक आहे असे आमचे म्हणणे नाही. आमचे म्हणणे असे की, या पाठातील आरएनए हा निव्वळ हरकाम्या झाला आहे. वरिष्ठाचा कागद घ्यायचा, कारखान्यात नेऊन द्यायचा, संपले. असा आरएनए शिकलेल्या मुलाला सजीवाच्या वाढीविषयीचा एक साधा प्रश्न कधी पडतच नाही.

तो प्रश्न दुसऱ्या एका तक्त्यात दडलेला आहे. प्राथमिक वर्गांच्या परिसर अभ्यासात फुलपाखराचे जीवनचक्र असते : अंडे, अळी, कोश, प्रौढ. चार चित्रे आणि त्यांना जोडणारे चार बाण. हा तक्ता आणि डीएनए-आरएनए-प्रथिन हा तक्ता पुष्कळ शाळांच्या प्रयोगशाळेत शेजारी-शेजारी टांगलेले असतात. पण अळीच्या पेशीत आणि पाखराच्या पेशीत डीएनए तोच असेल, तर एकाच पुस्तकावरून दोन इतके वेगळे प्राणी कसे काय तयार होतात, हे एका तक्त्याकडून दुसऱ्या तक्त्याकडे बोट नेऊन विचारले जात नाही. प्राथमिकचे शिक्षक म्हणतात, जनुके पुढे शिकाल. माध्यमिकचे म्हणतात, रूपांतरण मागे झाले आहे.

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील शाळांत तर ही गोष्ट जास्तच खटकते. कारण या प्रश्नाचे उत्तम साहित्य तिथे शाळेबाहेरच्या झाडावर लटकलेले असते. या दोन जिल्ह्यांत आणि शेजारच्या भंडारा-गोंदियात ऐन आणि अर्जुन या झाडांवर टसरचे किडे वाढवतात. जंगलाच्या कडेला राहणाऱ्या ढिवर कुटुंबांचा हा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय आहे. तुतीच्या रेशमाचे किडे घरात ताटांवर वाढतात. टसरची अळी मात्र उघड्या झाडावर वाढते आणि तिला पक्षी, मुंग्या, पाऊस यांपासून राखावे लागते. ती हिरवीगार, गुबगुबीत, दिवसरात्र पाला खाणारी असते. चार वेळा कात टाकते, पाचव्या अवस्थेत भरपूर वाढते आणि मग फांदीला देठ बांधून टणक कोसा विणते. कोशातून बाहेर येणाऱ्या पतंगाला चांगले मोठे पंख, पंखांवर काचेसारखे पारदर्शक डोळे आणि पिसांसारख्या मिशा असतात. खायला मात्र त्याला नीट तोंडच नसते. अळीपणी साठवलेल्यावर तो जगतो, जोडी जमवतो, मादी अंडी घालते आणि खेळ संपतो.

खाण्यासाठीच जन्मलेली अळी आणि खाऊच न शकणारा पतंग! ज्या मुलाने हे दोन्ही हातात घेतले आहेत, त्याच्यापुढे आपण बाण काढलेली चार चित्रे ठेवतो, याचे आम्हाला वाईट वाटते.

आता पुस्तकातील मांडणी जरा बारकाईने पाहू. पहिली अडचण 'सेंट्रल डोग्मा' या नावापासूनच आहे. डीएनए-आरएनए-प्रथिन या क्रमाला पुस्तक हे नाव देते, आणि जगभरची पुष्कळ पुस्तके तसेच करतात. पण फ्रान्सिस क्रिक यांनी १९५८ मध्ये हे शब्द छापले तेव्हा त्यांचा मुद्दा निराळा होता. क्रमाची माहिती एकदा प्रथिनात गेली की ती तिथून परत बाहेर येत नाही, असे ते सांगत होते. कोणते प्रथिन कधी, कुठे आणि किती बनावे, याविषयी त्या विधानात काही नाही. आपण मात्र ते विधान असे शिकवतो की जणू जनुक आहे म्हणजे प्रथिन बनणारच. नियंत्रणाचा प्रश्न त्यामुळे दाराबाहेरच राहतो.

दुसरी अडचण नवव्या इयत्तेपासून आहे. तिथे आरएनएचे तीन प्रकार येतात : रायबोझोमल, मेसेंजर आणि ट्रान्सफर. तिघेही प्रथिन बनवण्याच्या कामातले. बारावीला नियंत्रणाचा विषय येतो, पण उदाहरण असते जिवाणूचे. दुधातील साखर मिळाली की जिवाणू ती पचवणारी जनुके चालू करतो, हा जाकोब आणि मोनो यांचा १९६१ चा सिद्धांत. सिद्धांत अप्रतिम आहे. पण जिवाणूला अळीपण नसते, कोश नसतो, बालपणच नसते. वाढणाऱ्या शरीरातील नियंत्रण त्या एका उदाहरणावरून कळावे, ही अपेक्षा जास्त आहे.

मग काय सांगायला हवे होते? एक उपमा घेऊ. तहसील कचेरीतून निघालेल्या आदेशात मुख्य मजकूर असतो आणि सहीच्या खाली बारीक अक्षरांत शेरे असतात : अमुक गावासाठीच, अमुक तारखेपर्यंत लागू, तोवर स्थगित. मेसेंजर आरएनएचेही असेच असते. मधल्या मजकुरावरून प्रथिन बनते. पण मजकुराच्या आधी आणि नंतर आरएनएचे असे लांबच लांब तुकडे असतात की ज्यांचे भाषांतर होतच नाही. विशेषतः मजकुरानंतरची शेपटी. शाळेच्या आकृतीत ही शेपटी काढलेली नसते. जिचे प्रथिन होत नाही ती कशाला काढा, असा हिशोब असावा. संदेश पेशीत कुठे न्यायचा, केव्हा वाचायचा, केव्हा नष्ट करायचा, याच्या पुष्कळ खुणा नेमक्या तिच्यातच असतात. उपमेची मर्यादाही सांगून ठेवतो. कचेरीत शेरा वाचणारा कारकून असतो, पेशीत कोणी वाचणारा नाही. काही प्रथिने आणि काही छोटे आरएनए त्या खुणांना आकाराने किंवा अक्षरांच्या जोड्यांनी चिकटतात, एवढेच.

शेपटीचे महत्त्व दाखवणारा एक प्रयोग आम्हाला वर्गात सांगण्याजोगा वाटतो. केळ्यांवर घोंघावणारी फळमाशी सर्वांच्या परिचयाची आहे. तिच्या अंड्यात आई आधीच काही संदेश भरून ठेवते. पहिले सुमारे दोन तास गर्भ मुख्यतः आईच्याच संदेशांवर चालतो. त्यात 'बायकॉइड' नावाच्या जनुकाचा संदेश अंड्याच्या पुढच्या टोकाला असतो, तिथे डोके होते. 'नॅनोस' या जनुकाचा संदेश मागच्या टोकाला असतो, तिथे पोट होते. १९९२ मध्ये एलिझाबेथ गेव्हिस आणि रूथ लेमन यांनी नॅनोसचा मजकूर तसाच ठेवला आणि त्याला बायकॉइडची शेपटी जोडली. प्रथिनात एका अक्षराचाही फरक नव्हता. पण शेपटीने संदेश पुढच्या टोकाला नेला, आणि डोक्याच्या जागी दुसरे पोट तयार झाले. दोन्हीकडे पोट, मध्ये आरसा धरल्यासारखे. प्रथिन काय आहे याइतकेच ते कुठे बनते हेही ठरवावे लागते, हे यापेक्षा स्पष्ट कसे सांगणार?

(बायकॉइड हे जनुक माश्यांच्या एका गटापुरतेच आहे, पतंगांत ते नाही. म्हणून हा प्रयोग 'कीटकांत असे होते' म्हणून सांगू नये, 'फळमाशीत असे होते' म्हणून सांगावा.)

आता रूपांतरणाकडे वळू. अळीने अळीच राहायचे की पुढे जायचे, हे दोन संप्रेरकांवर अवलंबून असते. एक्डायसोन हे कात टाकायला लावते. १९५४ मध्ये बुटेनांट आणि कार्लसन यांनी तुतीच्या रेशीमकिड्याचे सुमारे ५०० किलो कोश वापरून त्याचे अवघे २५ मिलिग्रॅम स्फटिक मिळवले होते. दुसरे आहे बाल्यसंप्रेरक. ते असेपर्यंत कात टाकूनही अळी अळीच राहते. ते कमी झाले की मार्ग खुला होतो. बाल्यसंप्रेरक काम करते ते मुख्यतः 'क्रूपेल होमोलॉग-१' या जनुकाच्या मार्फत. हे जनुक चालू असेपर्यंत प्रौढपण अडवले जाते.

इथे विचार करण्याजोगी गोष्ट अशी. संप्रेरक थांबले, जनुक बंद झाले, नवे संदेश निघणे थांबले. पण आधी निघालेले संदेश पेशीत शिल्लक आहेतच, आणि त्यांवरून प्रथिन बनत राहणार. जुने आदेश परत कोण घेणार? स्पेनमध्ये बार्सिलोना येथील शाविएर बेयेस यांच्या गटाने हा प्रश्न आपल्या स्वयंपाकघरात सापडणाऱ्या लहान जर्मन झुरळावर सोडवला. २००९ मध्ये त्यांनी दाखवले की मायक्रो-आरएनए तयार करणारे एक आवश्यक प्रथिन कमी केले, तर झुरळाचे पिल्लू कात टाकून प्रौढ होण्याऐवजी पुन्हा पिल्लूच होते. मायक्रो-आरएनए म्हणजे सुमारे २२ अक्षरांचे आरएनएचे तुकडे. त्यांचे प्रथिन होत नाही. दुसऱ्या संदेशांना चिकटून त्यांना गप्प करणे हेच त्यांचे काम. २०१५ मध्ये याच गटाने नेमका दुवा शोधला. 'मिर-२' कुळातील मायक्रो-आरएनए क्रूपेल होमोलॉग-१ च्या संदेशाच्या शेपटीला चिकटतात आणि उरलेसुरले संदेश झाडून काढतात. बिघडवलेल्या पिल्लांना मिर-२ ची नक्कल टोचली, तर ती पुन्हा प्रौढ होऊ शकली. संप्रेरक दार बंद करते आणि मायक्रो-आरएनए आतला कचरा काढतो, अशी ही वाटणी आहे.

रेशीमकिड्याचीही दोन उदाहरणे आहेत. 'लेट-७' नावाचा मायक्रो-आरएनए तुतीच्या रेशीमकिड्यात शोषून घेऊन निकामी केला, तर कात टाकणे आणि रूपांतरण बिघडते, असे २०१४ मध्ये दिसले. त्याच वर्षी टोकियो विद्यापीठातील कियुची, कात्सुमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याहून नवलाची गोष्ट प्रसिद्ध केली. रेशीमकिड्यात मादीची लिंग-गुणसूत्रे झेड-डब्ल्यू आणि नराची झेड-झेड असतात, म्हणजे आपल्या उलट. डब्ल्यू असले की मादी होते हे हाशिमोटो यांनी १९३३ मध्येच दाखवले होते. त्या डब्ल्यूवर मादीपण ठरवणारे प्रथिन असणार, म्हणून त्याचा शोध ८० वर्षे चालला. सापडला तो 'फेमिनायझर' नावाचा एक इवलासा आरएनए. पाय-आरएनए या वर्गातला. तो झेडवरील 'मॅस्क्युलायझर' जनुकाच्या संदेशाला जुळतो आणि तो संदेश कापला जातो. नर घडवणारा संदेश गेला की मादी घडते. इथे शेरा वगैरे नाही, सरळ कात्री आहे. 'जनुकापासून प्रथिन, प्रथिनापासून गुणधर्म' एवढेच शिकलेला विद्यार्थी या शोधाला कोणत्या खणात ठेवणार? ज्या जनुकाचे प्रथिनच नाही, ते लिंग ठरवते.

एवढे वाचून एखादा उत्साही शिक्षक म्हणेल, म्हणजे आपल्या टसरमध्येही हेच होते. आमची टीका जशी पुस्तकावर आहे तशीच या उडीवरही आहे. तुतीचा रेशीमकिडा आणि टसरचा किडा दोन्ही रेशीम देतात, पण त्यांची कुळे वेगळी आहेत. टसरच्या कुळातलाच, एरंडाच्या पानांवर वाढणारा एरी घ्या. आसामात तो मोठ्या प्रमाणावर पाळतात. त्याच्या मादीत डब्ल्यू गुणसूत्रच नसते, एकटे झेड असते, नरात २८ आणि मादीत २७ गुणसूत्रे. जिथे डब्ल्यूच नाही तिथे डब्ल्यूवरचा आरएनए कुठून येणार? म्हणजे एकाच व्यवसायातल्या दोन किड्यांत मादी होण्याचे मार्ग वेगळे निघाले. टसरचे उत्तर टसरमध्येच पाहावे लागते.

वर्तमानपत्रांतील लेखनाविषयीही असेच म्हणावे लागते. २०२४ चे वैद्यकाचे नोबेल व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्हकुन यांना मायक्रो-आरएनएच्या शोधासाठी मिळाले. शोध १९९३ चा, एक मिलिमीटर लांबीच्या एका कृमीवरचा. कृमीच्या अवस्थांचा क्रम बिघडवणारे 'लिन-४' हे जनुक प्रथिन बनवतच नाही आणि त्याचा छोटा आरएनए दुसऱ्या संदेशाच्या शेपटीला जुळतो, असे त्यांना दिसले. अनेक वर्षे ही त्या कृमीचीच विचित्र खोड समजली गेली. २००० मध्ये लेट-७ कृमीपासून माणसापर्यंत जसाच्या तसा आढळला, तेव्हा लोक जागे झाले. पुरस्कारानंतर मात्र 'जीवनाचा मुख्य स्विच सापडला' अशा थाटाचे लिहिले गेले. असा मुख्य स्विच नाही. जनुकाचे प्रतिलेखन सुरू वा बंद करणारी प्रथिने आहेत, संप्रेरके आहेत, डीएनएची गुंडाळी आहे, आणि त्यांच्या जोडीने आरएनएवरील खुणा आहेत. बहुतेक मायक्रो-आरएनए काम साफ बंद करत नाहीत, थोडे कमी करतात. हरकाम्याला एकदम राजा करून टाकणे हीसुद्धा चूकच आहे.

या सगळ्याचा ऐनाखाली राखण करणाऱ्या माणसाशी काय संबंध? संबंध आहे तो झोपेचा. हंगामाच्या शेवटच्या पिकातले कोश बियाण्यासाठी ठेवतात. आतला किडा थंडी आणि उन्हाळा झोपून काढतो आणि पावसाळ्याच्या तोंडाला पतंग निघतात. ते अवेळी निघाले, किंवा थोडे आज आणि थोडे पंधरा दिवसांनी असे निघाले, तर नर-मादीची गाठ पडत नाही आणि बियाणे वाया जाते. ही झोप म्हणजे वाढीच्या कार्यक्रमाला दिलेली स्थगिती. टसरच्याच कुळातील अमेरिकेच्या सेक्रोपिया पतंगावर कॅरोल विल्यम्स यांनी १९४० च्या दशकात दाखवले की, गारठ्यात ठेवलेल्या कोशातील मेंदू काढून झोपलेल्या दुसऱ्या कोशात बसवला तर तो जागा होतो. म्हणजे ऋतूची नोंद मेंदू ठेवतो आणि संप्रेरकांतून ती शरीराला कळवतो. त्यानंतर पेशींत कोणते संदेश धरून ठेवले जातात आणि कोणते सोडले जातात, हा आरएनएचा भाग. यावरून टसरच्या बियाण्यावर उद्या औषध निघेल असे कोणी मुलांना सांगू नये. पण घरात दर उन्हाळ्यात जी चिंता असते तिच्यामागे अभ्यासण्यासारखा प्रश्न आहे, एवढे आरमोरीच्या किंवा सिंदेवाहीच्या मुलाला शाळेत कळायला हरकत नाही. रांचीला केंद्रीय टसर संशोधन संस्था आहे आणि आपल्याकडे नागपूरला रेशीम संचालनालय आहे. तिथल्या लोकांना शाळेतून पत्र गेले तर काय बिघडेल?

पुस्तक बदलेपर्यंत शिक्षकाने थांबावे असे नाही. पाठात दोन ओळींची भर पुरते : मेसेंजर आरएनएच्या आकृतीला शेपटी काढावी, आणि 'आरएनएचे तीन प्रकार' ऐवजी 'प्रथिन बनवण्याच्या कामातले तीन प्रकार' असे म्हणावे. वेळ असेल तर कागदी पट्टीचा एक खेळ करता येतो. लेट-७ च्या दुसऱ्या ते आठव्या अक्षरांचा भाग असा आहे : जी-ए-जी-जी-यू-ए-जी. ए ची जोडी यू शी, जी ची सी शी, आणि दोन्ही पट्ट्या एकमेकींच्या उलट दिशेने जुळतात. म्हणून अक्षरे उलट क्रमाने लिहून प्रत्येकाची जोडी काढली की सी-यू-ए-सी-सी-यू-सी मिळते. चाळीस-पन्नास अक्षरांची एक शेपटी तयार करून त्यात ही सात अक्षरे कुठेतरी लपवावीत आणि मुलांना शोधायला लावावीत. मग मधले एकच अक्षर बदलून पुन्हा विचारावे.

अकरावी-बारावीच्या मुलांना पुढचे गणित द्यावे. चार अक्षरांतून सात जागा भरायच्या तर ४ चा सातवा घात, म्हणजे १६,३८४ प्रकार होतात. किड्याच्या पेशीतल्या हजारो संदेशांच्या शेपट्या एकत्र केल्या तर अक्षरे कित्येक लाख भरतात. तेव्हा ही सात अक्षरे केवळ योगायोगाने किती ठिकाणी सापडतील? आकडा काढून झाला की मुलांना विचारावे की, संगणकाने 'जुळते' म्हणून दाखवलेल्या प्रत्येक जागेवर विश्वास ठेवावा काय, आणि बार्सिलोनाच्या गटाला झुरळाला सुई का टोचावी लागली.